अण्णांची येळवस

अण्णा गेल्यावर पहिली येळवस आली, तेव्हा आमच्या रानात कोप घातली नाही. वर्षश्राद्ध व्हायचं होतं. तरी मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला उदगीरच्या आत्याची मुलं, आळंदच्या आत्याच्या सुना, चुलत भावंडं, सगळे न बोलावता भालकीच्या घरी आले. ओसरीवर बसून ज्याला जे आठवलं ते तो सांगत गेला.

पाच भावंडांतले अण्णा शेवटचे. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. त्यांच्या लहानपणी निजामाचं राज्य होतं. शाळेत ते उर्दू शिकले, बाजारात कानडी बोलले, बहिणींना पत्रं मात्र मराठीत लिहिली. तेव्हा भालकी आणि उदगीर दोन्ही बिदर जिल्ह्यात. थोरल्या आत्याला उदगीरला दिली ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच. १ नोव्हेंबर १९५६ला जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. भालकी म्हैसूर राज्यात आली, उदगीर मुंबई राज्यात गेलं, नारायणखेड आंध्रात. आत्या उंबरा न ओलांडता परराज्यातली झाली.

त्या वर्षी येळवसेच्या दुसऱ्या दिवशी वीस वर्षांचे अण्णा भज्जी आणि बाजरीचे उंडे फडक्यात बांधून रेल्वेने उदगीरला गेले. आत्या ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. सांगताना पदर डोळ्यांना लावायची.

पुढे तिची मुलं सातबारा काढू लागली, आम्ही पहाणी. तिकडच्या मुलांची शाळा मराठी, इकडच्यांची बरीचशी कानडी. येळवसेला मात्र सगळे एकाच कोपीपुढे बसायचे. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, मडक्यात आंबट आंबील. पूजा झाली की अण्णा रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फिरायचे आणि आम्ही पोरं मागून ओरडत पळायचो. हिरवी तूर, हरभरा, पालेभाज्या घालून शिजवलेली भज्जी आधी वाटेवरून जाणाऱ्याला वाढायची, हा त्यांचा नेम. तो कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

२०१७मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. ऐंशी ओलांडलेले अण्णा काठी टेकत त्या गाडीत बसले आणि कलबुर्गीहून आळंदला धाकट्या आत्याला भेटून आले. तीच त्या दोघांची शेवटची भेट.

त्या पिढीला नाती जपायला फोन लागला नाही. लागले ते पाय, पोस्टकार्ड आणि वर्षातून एक दिवस रानात जेवायला बसायची सवय. सीमेचा वाद कितीही पेटला तरी आमच्या घरात बहीण-भावाचं जेवण तुटलं नाही, ते अण्णांमुळे.

संध्याकाळी शेजारचे चाचा आले. अण्णांच्याच वयाचे. बराच वेळ काही न बोलता बसले. उठताना म्हणाले, "पुढच्या साली मला आंबील कोण देणार?"

पुढच्या येळवसेला कोप त्याच बांधाजवळ घालायची, असं त्याच रात्री तिन्ही गावच्या घरांनी ठरवलं. आंबिलीचं पहिलं भांडं चाचांचं.