अंबरनाथचें देऊळ व उल्हासनगरचा फराळ

सन १८४९ त सोन्याच्या लोभानें सान फ्रान्सिस्को शहर एकाएकीं वाढलें. बरोबर शंभर वर्षांनीं, ८ ऑगस्ट १९४९ रोजीं, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं कल्याणच्या लष्करी छावणींत उल्हासनगरची कोनशिला बसविली. येथें आलेले सिंधी लोक मात्र सोनें शोधावयास नव्हे, तर फाळणींत घरदार गमावून आले होते.

प्रवाशानें प्रथम अंबरनाथीं उतरावें. स्टेशनच्या पूर्वेस वालधुनीच्या कांठीं शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचें शिवालय आहे. त्यांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे सन १०६० चा. मंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ति सावकाश पाहाव्या.

तेथून उल्हासनगरास येऊन दाल-पकवानाचा फराळ करावा. कुरकुरीत तळलेलें पकवान, सोबत चण्याची डाळ, वर आंबटगोड चटणी व बारीक कांदा. कुणा वडीलधाऱ्यांस सोंवळ्याची शंका आल्यास त्यांस एवढेंच विचारावें, कीं सर्वस्व गेल्यावरहि ज्यांनीं अगत्य सोडलें नाहीं, त्यांच्या हातचा घांस नाकारणें कोणत्या धर्मांत बसतें?

शहराला नांव देणारी उल्हास नदी बदलापुरावरून वाहत येते. सवड असल्यास मुलांबाळांना तीहि दाखवावी.