दोन कॉलेजे, एक दाखला

आमची नात गेल्या वर्षीपासून सकाळी कॉमर्स कॉलेजात जाते आणि रात्री घरी बसून मद्रास आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम करते. दोन्हीकडे तिचे नाव उघडपणे दाखल आहे. तिने हा बेत प्रथम सांगितला तेव्हा तिच्या वडिलांनी विचारले, "दुकानात कधी बसणार?" माझ्या तोंडून मात्र भलताच प्रश्न निघाला, "दाखला कुठे दिलास?"

या प्रश्नाचे मूळ १९८० सालात आहे. त्या वर्षी कोल्हापुरात मी बी.कॉम. झालो. शाहूपुरीत आमची गुळाची अडत होती. मला एम.कॉम. करायचे होते आणि वकिलीही शिकायची होती. कायद्याचे वर्ग सकाळी सात ते दहा आणि एम.कॉम.चे सायंकाळी भरत. मधल्या वेळेत सौदे संपवून पट्ट्या लिहायच्या. सायकल धड असली म्हणजे सगळे जमत होते. वेळेची आडकाठी नव्हतीच. आडकाठी होती ती मूळ दाखल्याची, कारण तो एकच असतो. तो एम.कॉम.साठी दिला आणि कायद्याच्या कॉलेजात 'नंतर देतो' म्हणून प्रवेश मिळवला. अन्यत्र प्रवेश घेतलेला नाही, या हमीखाली सहीही ठोकली.

ऑक्टोबरात कार्यालयाने शेवटची मुदत दिली. एका मित्राने वाट सुचवली: मूळ दाखला गहाळ झाल्याचे प्रतिज्ञापत्र करायचे आणि जुन्या कॉलेजातून दुय्यम प्रत काढायची. मी मुद्रांक कागद विकत घेतला आणि मजकूर टंकून आणला. कायदा शिकण्यासाठी खोटे प्रतिज्ञापत्र करण्यातली विसंगती त्या वयात लक्षात आली नाही, असे म्हणणे सोयीचे आहे. पण ती लक्षात आली होती.

मुद्रांक विकणारे गृहस्थ आमच्याकडूनच गूळ नेत. त्यांनी सहज चौकशी केली आणि त्या रात्री आण्णांनी मला गादीपाशी बोलावले.

"दाखला हरवला म्हणे?"

मी गप्प.

"मूळ दाखला कुठे आहे?"

"एम.कॉम.च्या कॉलेजात."

"मग हरवला कुठे?"

आवाज चढला नाही. त्यांनी तो कागद मागून घेतला. अजून त्यावर माझी सही झालेली नव्हती. "कोणते कॉलेज ठेवायचे ते तू ठरव, मी सांगणार नाही. पण उद्या एके ठिकाणचे नाव कमी झाले पाहिजे." मी कायदा सोडला. बँकेच्या परीक्षेला एम.कॉम. उपयोगी पडेल, हा हिशेब होता. तिथले लिपिक म्हणाले, "अहो, पुष्कळजण करतात असे, गप्प राहा." भरलेली फी परत मिळाली नाही.

आण्णा गेल्यावर जुन्या वह्या आवरताना त्या सालच्या रोजमेळात तो कोरा राहिलेला कागद घडी घालून ठेवलेला सापडला. फीची रक्कम त्यांनी माझ्या नावे टाकलेली नव्हती, घरखर्चात धरली होती.

चार-पाच महिन्यांत जो काही १८७२ चा करार कायदा कानावर पडला, तो पुढे बँकेत जन्मभर पुरला. हमी आणि क्षतिपूर्ती यांतला फरक कर्जदाराला समजावताना मला पुस्तक उघडावे लागले नाही. मात्र मुदत ठेवीची पावती हरवली म्हणून कोणी प्रतिज्ञापत्र घेऊन आले, की मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत असे. बहुतेकांची पावती खरोखरच हरवलेली असे.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना वाट मोकळी केली. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष हजर राहून, किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन. पीएच.डी.ला ही सवलत नाही आणि ज्या त्या विद्यापीठाने ती स्वीकारलेली असावी लागते. आपल्या घरांतून मुलांना असा बेत करायचा असेल, तर दोन्हीकडचे परीक्षांचे वेळापत्रक आधी मागवावे. वर्ग जुळतात आणि परीक्षा एकाच दिवशी येतात. गंमत अशी की माझी जोडी मात्र आजही बसत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या पदवीबरोबर दुसरी नियमित पदवी करता येत नाही. हे नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही अजूनही सापडलाच असता!"

यंदा कॉलेजच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. मुलगा दुकानात होता, म्हणून तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. बँकेची सवय; मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. 'अन्यत्र प्रवेश असल्यास' या रकान्यात तिने मद्रासच्या अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव लिहिले होते. मी पेन उघडले.