आजाऱ्याच्या उशाशी एक मोळ मल्लिगे

म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या एका अंगाला सयाजीराव रस्ता आहे आणि दुसऱ्या अंगाला धन्वंतरी रस्ता. पहिले नाव वाचून मराठी माणसाला बडोद्याचे महाराज आठवतात, दुसरे तर साक्षात देवांच्या वैद्याचे! जवळच कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे. १९२४ साली बंगळूरला सुरू झालेले आणि १९३० मध्ये म्हैसूरला आलेले मेडिकल कॉलेज याच रुग्णालयाशी जोडलेले आहे. फुलांचा बाजार आणि आजाऱ्यांचे वॉर्ड यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर.

सोसले गावी कुणी आजारातून उठत असेल आणि त्याच्या भेटीला जायचे असेल, तर सुरुवात याच बाजारातून करावी. हळदी-कुंकवाच्या रंगीत राशी ओलांडून पुढे गेले की फुलांचे गाळे लागतात. कानडी येत नसले तरी अडत नाही. आपली अबोली इथे कनकांबर होते, सोनचाफ्याला संपिगे म्हणतात, शेवंतीची सेवंतिगे होते आणि निशिगंधाला मिळते सुगंधराज असे भारदस्त नाव. गजरा मात्र नगावर मिळत नाही, तो 'मोळ' या मापाने विकला जातो. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. ज्याचा हात, त्याचे माप! तेव्हा लांब हाताची विक्रेती शोधणारे गिऱ्हाईक शहाणे.

या सगळ्यात मान मल्लिगेचा. म्हैसूरच्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. के. एस. नरसिंहस्वामी यांनी १९४२ साली आपल्या कवितासंग्रहाला 'मैसूर मल्लिगे' हेच नाव दिले आणि हे फूल कानडी घराघरात संसारातल्या प्रेमाची खूण होऊन बसले.

पण आजाऱ्यासाठी फुले निवडताना सुंदर ते सगळेच चालते असे नाही. ज्या गाळ्यावर नवरदेवाचा हार गुंफला जातो, त्याच गाळ्यावर अंत्ययात्रेचाही. शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या, आधीच धास्तावलेल्या वृद्धाच्या पुढ्यात पांढऱ्या फुलांचा जाडजूड हार ठेवला तर त्याच्या मनात काय येईल? तोंडाने तो काही बोलणार नाही, पण रात्री छताकडे बघत पडून राहील. म्हणून हार नको. सुटी फुले न्यावीत, रंग प्रसन्न असावा आणि ती मोजकीच असावीत. गुलाब घेतला तर काटे तिथेच काढून घ्यावेत.

वासाचाही विचार हवा. निरोगी माणसाला धुंद करणारा सुगंधराज किंवा चाफा बंद खोलीत आजाऱ्याला नकोसा होतो. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर साध्या वासानेही मळमळते. दमेकऱ्याला परागकणांचा त्रास होऊ शकतो. अतिदक्षता विभागात तर बहुतेक रुग्णालये फुले आत नेऊच देत नाहीत आणि त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही. फुलदाणीच्या साठलेल्या पाण्यात रोगजंतू भराभर वाढतात, हे १९७३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. अवयवरोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णापाशी ताजी फुले नकोत आणि मातीची कुंडीही नको. निघण्यापूर्वी घरच्यांना एक फोन करून विचारणे यात कमीपणा कसला? आणि फुलांऐवजी शहाळे नेऊ म्हणाल, तर मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्यातले पोटॅशियम बाधू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही देऊ नये.

म्हणून फुलांनी काहीच होत नाही असे मात्र समजू नये. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली होती.

सोसल्याच्या वाटेवर हिरवाईला तोटा नाही. म्हैसूरहून तीसेक किलोमीटरवर तिरुमकूडलु नरसीपूर लागते. इथे कावेरी आणि कपिला यांचा संगम आहे, काठावर गुंजा नरसिंहाचे मंदिर आहे. सोसले याच तालुक्यातले. व्यासराज मठामुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले. व्यासतीर्थ हे पुरंदरदासांचे गुरू. पुरंदरदासांचा जन्म आपल्या पुरंदरगडाजवळचा की शिवमोग्याकडचा, हा वाद अजून मिटलेला नाही. मिटला नाही तर बरेच, दोन्ही राज्ये त्यांना आपले म्हणतात! देवाच्या पायावरचे फूल आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची आपल्याकडची रीत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला इथे परके वाटत नाही.

वेळ असेल तर याच तालुक्यातले तलकाडूही पाहावे. तिथली देवळे वाळूत गाडली गेली म्हणून गाव प्रसिद्ध आहे. मुख्य देव वैद्यनाथेश्वर, म्हणजे वैद्यांचा नाथ. ताल आणि काड या दोन शिकाऱ्यांनी झाडावर कुऱ्हाड घातली आणि त्यातून रक्त वाहू लागले, अशी कथा सांगतात. त्याच झाडाचा पाला जखमेवर लावा, असा आवाज आला. पाला लावताच रक्त थांबले. आपली जखम आपणच बरी करणारा म्हणून हा देव वैद्य ठरला.

सोसल्याला पोचण्याची वेळ मात्र जमवायला हवी. मल्लिगेच्या मिटलेल्या कळ्या दुपारी घ्याव्यात, ओलसर केळीच्या पानात बांधून घ्याव्यात आणि बसमध्ये उन्हाच्या बाजूला धरू नयेत. घरात शिरल्याबरोबर गजरा आजाऱ्याच्या हातात देण्याची घाई नको. उशाशी, थोड्या अंतरावर, पितळेच्या वाटीत तो ठेवावा. दिवेलागणीपर्यंत कळ्या आपोआप उमलू लागतात आणि पाहुणे उठून गेले तरी रात्री खोलीत वास दरवळत राहतो.