दुखण्यामागून आलेला ताप

एकदा भोगून झालेल्या दुखण्यासाठी पुन्हा सुई कशाला टोचून घ्यायची, हा प्रश्न करोनाच्या दिवसांत आपल्याही घरी निघाला असेल. १९ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सल्ला दिला होता, की आजारातून उठलेल्यांनी तीन महिन्यांनी लस घ्यावी.

बंगळूरमध्ये त्या वर्षीच्या एप्रिलात आमच्या सासूबाई त्या आजारातून उठल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी कोविशील्डची पहिली मात्रा घेतली आणि त्याच रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला. “आजारातही अंग एवढे मोडून आले नव्हते. आता दुसरी सुई नको,” असे त्यांनी निक्षून सांगितले.

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. आधी करोना होऊन गेलेल्यांना पहिल्या मात्रेनंतर ताप, अंगदुखी व थकवा यांचा त्रास अधिक वेळा होतो, असे पाहणीत दिसून आले आहे. शरीर एकदा गाठ पडलेल्या विषाणूला विसरत नाही. लशीतून तो आजार होत नाही. तिच्यात विषाणूची केवळ ओळख असते. ती पटताच शरीराची संरक्षक शक्ती त्वरेने कामाला लागते आणि त्या धावपळीतून ताप येतो. अर्थात, ताप आला नाही तर लस लागू पडली नाही, असे मात्र समजू नये.

हे सांगताना मी त्यांना डॉ. हाफकिन यांची हकीकत सांगितली. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत त्यांनी प्लेगची आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांनाही ताप आला होता. सासूबाईंचा ताप दोन दिवसांत उतरला. पुढे नोव्हेंबरात त्यांनी दुसरी मात्रा घेतली, तेव्हा फक्त दंड दुखला.

तथापि प्रत्येक त्रास अंगावर काढू नये. साधा ताप विश्रांतीने, भरपूर पाण्याने व डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या पॅरासिटॅमॉलने निभावतो. परंतु लशीनंतर वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखले, पाय सुजला वा तीव्र डोकेदुखी थांबेना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे, असे तेव्हा सांगितले गेले होते. कारण कोविशील्डनंतर क्वचित कोणाच्या रक्तात गुठळ्या झाल्या होत्या.

म्हणून कोणतीही लस घेताना घरातील वडीलधाऱ्यांना नुसते ‘काही होत नाही’ असे सांगू नका. काय होईल, का होईल आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचे, हे आधीच सांगा. आणि पूर्वीचा आजार लस टोचणाऱ्यास अवश्य कळवा.