लास व्हेगासमधील बिनतारी गोंधळ

लास व्हेगास म्हणजे जुगाराचे शहर, एवढेच आम्ही ऐकून होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुतण्याबरोबर गेलो ते मात्र ‘इव्हो’ या व्हिडिओ गेम स्पर्धेसाठी. मंडाले बे येथील अवाढव्य दालनात टेबलांच्या रांगा आणि कानठळ्या बसवणारा गलका. ‘स्ट्रीट फायटर ६’ला सात हजारांवर नावे! फी भरली की नाव लागते, कूळ कोणी विचारत नाही. दोनदा हरला की बाहेर.

शेजारच्या टेबलावर लढत रंगात आली असताना खेळ एकाएकी थांबला. मघाशी खेळून गेलेल्या मुलाच्या पिशवीतल्या बिनतारी कंट्रोलरची कळ दाबली गेली होती. पुतण्याने उलगडा केला. हे कंट्रोलर ब्लूटूथने, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. वायफायचीही तिथेच दाटी, त्यामुळे गर्दीत हुकूम उशिरा पोचू शकतो. पण खरी गोम जोडीची आहे. वायर लावली की कंट्रोलर यंत्राशी जोडला जातो आणि वायर काढली तरी ते नाते राहते! मुद्दाम तोडावे लागते. पंच ओरडून सांगतात, पोरे विसरतात.

फेरी पुन्हा खेळवली. जिंकत आलेला मुलगा हरला. भाड्याचे पैसे जमवून तो दुरून आला होता. आम्हांस फार वाईट वाटले.

लाहोरचा अर्सलान अ‍ॅशही व्हिसाच्या अडचणी सोसून २०१९ मध्ये जपानच्या इव्होला पोचला आणि जिंकला. २०२३ मध्येही ‘टेकन ७’ त्यानेच जिंकले. पुतण्या पहिल्याच दिवशी बाद झाला, पण कंट्रोलर तोडूनच उठला.