टायर मधोमध झिजतो, गाडी कडेवर वळते

नवा टायर बसला की गाडीचा मालक हमखास विचारतो, "किती किलोमीटर जाईल?" स्पोर्ट टूरिंग गाड्यांचे टायर बसवणं, बॅलन्स करणं आणि झिजलेले उतरवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. सरळ महामार्ग, बेताचा वेग आणि राखलेली हवा असेल तर मागचा टायर दहा-बारा हजार सहज जातो. दोघं जण, तिन्ही बॅगा आणि वर मे महिन्याचं ऊन असेल तर सात-आठ हजारांतच संपतो. पण टायर कधी संपेल एवढंच या आकड्यावरून कळतं. गाडी कुठवर नीट वळेल, ते त्यातून कळत नाही. टायर संपण्याच्या बऱ्याच आधी त्याचं वळणं बिघडलेलं असतं, आणि मधले किलोमीटर बहुतेक रायडर काही कल्पना नसताना घाटांतून काढतात.

आधी हा टायर काय आहे ते पाहू. ट्रॅकसाठीच्या टायरचं रबर मऊ असतं. ते तापल्याशिवाय पूर्ण पकड देत नाही आणि लवकर उडतं. निव्वळ लांब पल्ल्याचा टायर टणक असतो. तो खूप चालतो, पण पावसात गाडी कलती करताना त्याच्यावर भरवसा टाकवत नाही. स्पोर्ट टूरिंग टायरला ही दोन्ही कामं करावी लागतात. त्यासाठी कंपन्यांनी एकाच टायरात दोन प्रकारची रबरं घालायला सुरुवात केली. मिशेलिनचा २००७चा पायलट रोड २ या बाबतीत गाजला. त्यात मधल्या पट्ट्यात टणक रबर होतं आणि दोन्ही कडांना मऊ. २०११च्या पायलट रोड ३ मध्ये पाणी कापणाऱ्या बारीक चिरा आल्या. रबरात सिलिका मिसळल्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारली. पिरेलीचा एंजल जीटी, ब्रिजस्टोनची बॅटलॅक्स टी मालिका, मेट्झेलरचा रोडटेक, डनलॉपचा रोडस्मार्ट हे सगळे याच घराण्यातले. टीव्हीएसने २०२०च्या अपाचे आरआर ३१०ला कारखान्यातूनच मिशेलिन रोड ५ बसवला, तेव्हापासून लहान इंजिनाच्या गाड्या चालवणारी तरुण मुलंही या टायरबद्दल बारकाईने विचारू लागली.

दोन रबरांची ही युक्ती फार उपयोगी आहे, पण तिने झीज थांबत नाही. पुण्याहून बेंगळुरूला निघालेली गाडी खंबाटकीत थोडी कलते. पुढे कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे असा जवळजवळ सगळा रस्ता ती उभीच असते. १८० मिलिमीटर रुंदीच्या टायरचा तळहाताएवढा भाग एका वेळी जमिनीला टेकतो. इंजिनाचा सगळा जोर आणि मागे बसलेल्याचं व सामानाचं बहुतेक ओझं तेवढ्याच पट्ट्यावर. मधला भाग झिजतो, कडा मात्र जवळपास नव्या राहतात, आणि गोल टायर मधोमध चपटा पडतो.

हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. गाडी पॅडॉक स्टँडवर चढवून मी तळवा टायरवर आडवा ठेवतो आणि एका कडेकडून दुसरीकडे नेतो. नव्या टायरवर हात अखंड गोलाईतून फिरतो. झिजलेल्या टायरवर मध्ये सपाटी लागते, आणि ती संपते तिथे बोटांना स्पष्ट धार जाणवते. मग स्टीलची पट्टी आडवी धरून बघतो. पट्टी दोन-तीन बोटांच्या रुंदीत टायरला चिकटून बसली, तर खाचा कितीही खोल दिसोत, त्या टायरचं वळणं बिघडलेलं आहे.

कारण सगळं त्या धारेपाशी आहे. गोल टायरवर गाडी कलू लागली की टेकणारा भाग हळूहळू बाजूला सरकत जातो. चपट्या टायरवर तो आधी सरकतच नाही, गाडी सपाटीवर उभी राहू पाहते. रायडर हँडलवर जोर वाढवतो. धार ओलांडली की पलीकडची गोलाई आखूड असते, म्हणून गाडी हवी त्यापेक्षा जास्त आणि एकदम कलते. मग तो तिला परत सावरतो. एकाच वळणात असं दोनदा-तीनदा होतं. रस्त्याच्या कामासाठी खरवडलेल्या पट्ट्यावर हाच टायर लांबट रेघा धरून चालतो आणि गाडी आपोआप इकडेतिकडे ओढली जाते.

आणि हे रायडरला कळत नाही. चष्म्याचा नंबर वाढत जातो तसंच हे. रोज इतका थोडा फरक पडतो की माणूस त्यालाच सरावतो. हँडलवर जरा जास्त जोर द्यायचा, वळणाला जरा आधी सुरुवात करायची, वेग जरा कमी ठेवायचा, हे सगळं हातापायांनी परस्पर शिकून घेतलेलं असतं. उत्तम चालवणाऱ्यांच्या बाबतीत तर हे जास्तच होतं, कारण त्यांचं शरीर बिघाड लवकर भरून काढतं. नवा टायर बसवून चक्कर मारून आलेली माणसं मला म्हणतात, "गाडीच बदलली हो." गाडी बदललेली नसते. तिच्याकडून काय मिळत होतं, याचा त्यांना विसर पडलेला असतो. म्हणून टायरच्या बाबतीत "मला तर छान वाटतंय" या वाक्याला मी पुरावा मानत नाही. हात आणि पट्टी सांगेल तेच मानतो.

पुढचा टायर वेगळ्या रीतीने झिजतो. ब्रेकचा आणि वळवण्याचा ताण त्याच्यावर असतो, म्हणून तो बाजूंना जास्त घासतो. प्रत्येक खाचेची एक कड उंच आणि दुसरी खाली होत जाते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवला तर खरखरीत. पुढे तिथे खळगे पडतात, आणि गाडी कलती असताना पुढून घरघर ऐकू येते, हँडलला कंप येतो. हवा कमी असेल किंवा पुढचे शॉकअप थकलेले असतील तर हे लवकर होतं. आपल्याकडे टायरची उजवी बाजू सहसा जास्त झिजते, त्यालाही कारण आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे सरळ उभी गाडीसुद्धा टायरच्या किंचित उजव्या अंगावर चालते. शिवाय उजवं वळण आपल्याला बाहेरून पडतं, म्हणून ते लांब असतं, आणि पुढचं दिसत असल्यामुळे वेगही जास्त असतो.

हवेबद्दल मात्र मी हट्टी आहे. १२०/७० आणि १८०/५५ या मापाचे टायर असलेल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, तोच धरावा, आणि सकाळी टायर थंड असताना मोजावा. लडाखला जाणारे रायडर इथे हमखास गोंधळतात. त्यांनी ऐकलेलं असतं की उंचावर हवा फुगते, म्हणून सोडावी. बाहेरच्या हवेचा दाब लेहला पुण्यापेक्षा सुमारे ४ पीएसआयने कमी असतो आणि तेवढा आकडा मीटरवर वाढतो, हे खरं. पण पुण्यातल्या ३० अंशांत भरलेला टायर लेहच्या पहाटे ५ अंशांत गेला, की थंडीमुळे जवळपास तेवढाच आकडा उतरतोही. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ज्याने दुपारी तापलेल्या टायरमधली हवा सोडली, तो कमी हवेवरच घरी परततो. भरलेल्या बॅगांसह, उन्हात, कमी हवेवर पळणारा टायर आतून तापत जातो, आणि झीज त्यापुढे फार किरकोळ गोष्ट ठरते.

आता पावसाचं. ताम्हिणी, वरंधा, आंबोली या घाटांत जुलैमध्ये शेवाळ, लाल चिखल, कुजका पाला आणि अवजड गाड्यांतून सांडलेलं डिझेल एकाच वळणावर भेटू शकतं. तिथे जपून आणि सावकाश घेतलेला कल लागतो. चपटा टायर नेमका तोच देऊ शकत नाही, कारण तो कलतो तेव्हा झटक्याने कलतो. कडांचं मऊ रबर शाबूत असून उपयोग होत नाही, कारण तिथवर पोचण्याची वाट बिघडलेली असते. म्हणून माझा सल्ला असा, की टायर अर्ध्याहून जास्त झिजला असेल आणि पट्टी सपाट बसत असेल, तर तो जूनच्या आधी बदलावा. खाचेतल्या झिजेच्या खुणेपर्यंत वाट पाहू नये. ती खूण कायद्याची शेवटची हद्द आहे.

जोडीचाही विचार करावा. मागचा नवा आणि पुढचा खळगे पडलेला, अशी गाडी मागून सहज कलते आणि पुढून आढेवेढे घेते. पुढच्यात बरंच आयुष्य शिल्लक असेल तर ठीक, नाहीतर दोन्ही एकदम बदलावेत, आणि शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात वर्षानुवर्षं पडून टणक झालेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. आणि पहिले शे-दीडशे किलोमीटर नव्या टायरवर गाडी सांभाळून, कल हळूहळू वाढवत चालवावी.

टायर संपण्याआधी बदला असं टायरवाल्याने सांगावं, यात त्याच्या धंद्याचा फायदा आहे, हे मला समजतं. चांगला जोड स्वस्तात येत नाही, आणि अजून खाचा दिसत असलेला टायर उतरवताना मालकाचा जीव तुटतो, तेही मी बघतो. तरीही सांगतो. मधल्या पट्ट्यात थोडं रबर अजून शिल्लक असतं. ते सरळ रस्त्यावर कामाचं, आणि सरळ रस्त्यासाठी कुणी ही गाडी घेतलेली नसते.