नाव आपलं, पण नावावर कुणाच्या?

शेतजमीन घ्यायची म्हटलं, की आपण आधी सातबारा पाहतो. फ्लॅट घेताना इंडेक्स टू मागतो. सोन्याची पावती तर वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवतो. पण व्यवसायाची वेबसाईट काढताना तिचं नाव कुणाच्या नावावर नोंदलं गेलंय, हे विचारायचं मात्र भल्याभल्यांना सुचत नाही. पाकिटावर आपलं नाव छापलेलं दिसलं, की ते आपलंच, असं आपण धरून चालतो.

माझी धाकटी नणंद साताऱ्याला घरगुती मसाले करते. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी. सगळी प्रमाणं सासूबाईंची, म्हणून व्यवसायाला नावही तिनं त्यांचंच दिलं. सासूबाई गेल्या, पण इंदूर-बडोद्यापर्यंतच्या स्वयंपाकघरात त्यांचं नाव पोहोचलं, याचं आम्हा सर्वांनाच अप्रूप होतं. 2018 मध्ये ओळखीतल्या एका मुलानं तिला वेबसाईट करून दिली. नावाच्या शेवटी ‘डॉट इन’. दरवर्षी तो नूतनीकरणाचे पैसे घ्यायचा, ही बिनबोभाट द्यायची.

2022 च्या दिवाळीआधी दोघांत पैशांवरून बिनसलं. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, नाव माझ्या खात्यावर आहे. हवं असेल तर साठ हजार द्या. नाहीतर दुसरे मसालेवाले आहेतच.’’

आमच्या ह्यांचं मत पडलं, की दुसरं नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ‘‘वहिनी, पैसे एक वेळ देईन. पण आईचं नाव दुसऱ्याच्या पाकिटावर मला नाही बघवणार.’’

मग आम्ही दोघी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं सगळं मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. छोटा-मोठा उद्योग करणाऱ्या प्रत्येक घराला ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे डोमेन नेम घरासारखं कायमचं विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी, ते वापरायचा हक्क मिळतो. म्हणजे एक प्रकारचा भाडेपट्टाच! आणि नोंदणीच्या वहीत ज्याचं नाव, तोच सकृद्दर्शनी भाडेकरू. पैसे कुणाच्या खिशातून गेले, हे ती वही सांगत नाही.

दुसरी गोष्ट जरा धीर देणारी होती. नोंदणी आधी केली म्हणून नाव आपोआप त्याचं होत नाही. भारतात डोमेन नेमसाठी वेगळा कायदा नाही, पण कोर्टांनी ट्रेडमार्कचे नियमच त्याला लावले आहेत. 1999 मध्ये ‘याहू’नं ‘याहूइंडिया डॉट कॉम’ चालवणाऱ्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मनाई हुकूम मिळवला. त्याच वर्षी ‘रेडिफ’नं ‘रॅडिफ’ नावाच्या साईटविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात तसाच आदेश मिळवला. एका अक्षराचा तर फरक! पुढे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात ‘सिफी’ या नावाला संरक्षण देताना स्पष्ट केलं, की डोमेन नेम म्हणजे केवळ पत्ता नव्हे. ती त्या व्यवसायाची ओळख आहे. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं हे इंटरनेटवरही चालणार नाही.

‘‘पण कोर्टात वर्षं जातील हो,’’ नणंद म्हणाली. त्यावरही उपाय होता. ‘डॉट इन’ची नावं नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे ‘निक्सी’ या संस्थेच्या अखत्यारीत येतात. तिच्याकडे तक्रार करता येते, मग लवाद नेमला जातो. तिथं तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते नाव आपल्या नावासारखंच किंवा फसगत होण्याइतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं नोंदलं किंवा वापरलं जातंय. मूळ मालकालाच चढ्या भावानं विकायला काढणं हे वाईट हेतूचं ठळक लक्षण. ‘डॉट कॉम’साठी असाच आंतरराष्ट्रीय नियम 1999 पासून आहे. मात्र लवाद नाव रद्द करू शकतो किंवा तक्रारदाराकडे सोपवू शकतो. बुडालेल्या धंद्याची भरपाई हवी, तर कोर्टाचीच पायरी चढावी लागते.

वकीलबाईंनी हेही बजावलं, की हे शस्त्र ज्याच्या त्याच्यावर उगारता येत नाही. आपल्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणी प्रामाणिकपणे आधी नाव घेतलं असेल, तर ते त्याचंच.

मग त्यांनी कागद मागितले. नणंदेनं 2017 मध्ये मसाल्यांसाठी ट्रेडमार्कची नोंदणी केली होती. त्या मुलाला दिलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी होत्या, जुनी बिलं होती, आणि त्यानं साठ हजार मागितल्याचा मोबाईलवरचा संदेशही तिनं पुसला नव्हता. एवढ्या पुराव्यांनिशी नोटीस गेली. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलानं निमूटपणे नाव तिच्या खात्यावर वळतं केलं. वकिलांची फी झाली, पण सासूबाईंचं नाव घरी आलं.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणी खानावळ, शिवणवर्ग, पाळणाघर काढलं, की मी चार गोष्टी सांगतेच. उद्यम नोंदणी, ट्रेडमार्क आणि डोमेन नेम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणून दुसरी झाली असं समजू नका. वेबसाईट कुणीही बनवू दे, नाव स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाईल नंबरवर घ्या. पासवर्ड आपल्याकडे ठेवा. नाव परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून कुलूप असतं, ते लावलंय ना, विचारा. मुदत संपायची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा. मुदत टळून नाव रद्द झालं, तर ‘डॉट कॉम’च्या बाबतीत साधारण 30 दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ते कुणीही उचलू शकतं.

आता नणंदेनं देवनागरीतलं ‘डॉट भारत’ नावही घेतलंय. ही सोय 2014 पासून आहे. आणि परवा मृत्युपत्राचा मसुदा करताना दागिने, घर यांच्या यादीत तिनं ही दोन्ही नावं लिहिली. पुढे तिची लेक: सासूबाईंच्या मसाल्याचं प्रमाण जिला तोंडपाठ आहे, तिच्याच नावावर.